‘लेगी’ची चिठ्ठी

एखादा शब्द माणसाला किती छळू शकतो हे ज्यांना पाहायचं असेल, त्यांनी आमच्या कोश कार्यालयात येऊन मला भेटावं. फक्त एक ते दोनच्या मध्ये येऊ नये. तेव्हा जेवणाची सुट्टी असते आणि माझ्या संतापालाही थोडी विश्रांती लागते.

इंग्रजी-मराठी महाकोशात मी सहायक आहे. हे काम म्हणजे बसल्या जागी आराम, असं लोकांना वाटतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या विमेवाल्या काकांनी तर एकदा तोंडावर विचारलं होतं, "शब्द आधीपासूनच असतात ना हो? मग तुम्ही दिवसभर करता काय?" मी नुसता हसलो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी दुसरं काही नाही, तरी असं हसायला नक्की शिकलोय.

तर एल अक्षराच्या खंडातले दोनशे तेरा शब्द माझ्या वाट्याला आले होते. एका शब्दाला एक चिठ्ठी. दोनशे बारा चिठ्ठ्या मंजूर झाल्या. दोनशे तेरावी मंगळवारी सकाळी लाल शाईत न्हाऊन माझ्या टेबलावर परत आली. शब्द होता ‘लेगी’. साधं विशेषण. ज्याचे किंवा जिचे पाय बाकी अंगाच्या मानानं लांब, ते लेगी. माणसाला लावतात, त्यातून बायकांना जास्त, आणि त्यात थोडं कौतुक असतं. जनावरांच्या पिल्लांना लावतात, म्हणजे पाय आधी वाढलेत आणि अंग मागून येतंय. आणि रोपांनाही लावतात. उजेड कमी पडला की रोप नुसतं उंच आणि बारीक होतं, देठ लांब आणि पानं चार, तेव्हा म्हणतात. तीन अर्थ, तीन उदाहरणं. मी पहिलं उदाहरण लिहिलं होतं, "ती मुलगी लेगी आहे." त्याखाली मुख्य संपादकबाईंचा शेरा: "कोणती मुलगी? कुठे पाहिली? साक्षीदार कोण?"

हा आमच्याकडचा नियम बाहेरच्या माणसाला पटत नाही, म्हणून सांगतो. फार पूर्वी कुणीतरी एका उदाहरणात कोंबडीला तळ्यात पोहायला लावलं होतं. त्यावर कोंबड्या पाळणाऱ्या एका वाचकानं कार्यालयाला अकरा पत्रं पाठवली. तेव्हापासून कोशात डोक्यातून काढलेलं उदाहरण चालत नाही. गोष्ट स्वतः पाहिलेली पाहिजे, आणि पाहताना सोबत घराबाहेरचा एक साक्षीदार पाहिजे, आणि त्याची छापील साक्षपत्रावर सही पाहिजे. ‘लिंबू’ आणि ‘कुलूप’ वगैरे शब्दांना हे बरं असतं. पण पाय कुणाचे पाहायला जायचं?

बरं, शब्द राहिला तर राहिला म्हणून सोडून द्यावं, तर तेही शक्य नव्हतं. शुक्रवारी पाच वाजता खंड छापखान्यात जाणार होता. पुस्तकाच्या सुरुवातीला "हा खंड रचणारे" असं एक पान असतं. ज्याची एकही चिठ्ठी शिल्लक नाही, त्याचंच नाव त्या पानावर छापतात. मागच्या खंडात माझी एक चिठ्ठी राहिली आणि माझं नाव गेलं. पुढचा खंड निघेल तेव्हा मी निवृत्त होऊन घरात पंख्याखाली बसलेला असेन. म्हणजे नाव लागायचं तर याच खंडात, नाहीतर जन्मात नाही. आणि आमच्या सौभाग्यवतींनी तर सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगून टाकलं होतं, की ह्यांचं नाव पुस्तकात येतंय.

संध्याकाळी डोक्यात हेच सगळं घेऊन घरी आलो. आमच्या दारातून आत शिरल्यावर एक अरुंद बोळ लागतो. तिथे सासूबाई वेताच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतात. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या पायाला अडखळलो. नेहमीप्रमाणे त्या म्हणाल्या, "सावकाश, जावईबापू." गेली नऊ वर्षं हे रोज चालू आहे. मी बॅग ठेवली आणि विचार करत बसलो, की लांब पाय कुठे सापडतील.

रोपाचं काम सोपं वाटलं. विमेवाल्या काकांनी निवृत्तीनंतर टोमॅटोचा नाद धरलाय. त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर दह्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये अठरा रोपं होती, आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. काका रोज सकाळी पट्टी घेऊन रोपं मोजतात.

"एकवीस सेंटिमीटर!" मला पाहताच ते म्हणाले. "रोपवाटिकेतली बाराच्या वर नाहीत. बोला!"

मला इतका आनंद झाला की माझा तोल गेला. "काका, मला अगदी अशीच हवी होती! काय किडकिडीत आहेत! एकाला म्हणून जोर नाही!"

काकांनी पट्टी खाली ठेवली. "किडकिडीत?"

"म्हणजे शास्त्रीय अर्थानं. उजेड मिळाला नाही की..."

"अहो, मी दोन महिने तेच सांगतेय ह्यांना," आतून काकू बाहेर आल्या. "ही वाढलेली नाहीत, नुसती लांबलीत. आणा तो कागद, कुठे सही करायची?"

काकूंनी सही केली. एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही कथा लिहिली नसती. पण काकांनी रागाच्या भरात अठराच्या अठरा डबे उचलून गच्चीवर नेले, माझ्या नाकासमोरून, तीन खेपांत. बुधवारी दुपारी ती सगळी रोपं उन्हात माना टाकून पडली. काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली की ह्यांची नजर लागली. सेक्रेटरींनी तोडगा म्हणून फलकावर सूचना लावली: "रहिवाशांनी गच्चीवर डबे ठेवू नयेत. तसेच रहिवाशांनी एकमेकांच्या झाडांविषयी मते व्यक्त करू नयेत." त्यात माझं नाव नव्हतं, पण जिन्यात भेटणारा प्रत्येक जण ते वाचून माझ्याकडे बघायचा.

दुसरं उदाहरण शिंगराचं. गावाबाहेर एक घोडेस्वारीची शाळा आहे. तिथे अकरा दिवसांचं शिंगरू आहे, अशी बातमी मिळाली. गुरुवारी सकाळी जायचं म्हणून बुधवारी मी रजेचा अर्ज भरला. कारण: शिंगरू पाहणे. आस्थापनेच्या भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"हे खाजगी काम की कार्यालयीन?"

"कार्यालयीन."

"मग रजा कशाला? दौऱ्याची मंजुरी घ्या. तिला पंधरा दिवस लागतात."

"मग खाजगी समजा."

"खाजगी असेल तर पाहिलेलं शिंगरू कोशात कसं वापरणार? खाजगी वेळेत पाहिलेलं खाजगीच राहतं."

मी कपाळाला हात लावला. शेवटी तासाभराच्या चर्चेनंतर भाऊसाहेबांनीच मार्ग काढला. जाणं कार्यालयीन धरायचं आणि परत येणं खाजगी. मी दोन वेगवेगळे अर्ज भरले. त्यात एका प्रश्नाचा विचार कुणी केला नव्हता, की मी तिथे उभा असेन तेव्हा माझं काय धरायचं.

शाळेच्या मालकीणबाईंना सगळे कॅप्टन म्हणतात. त्यांनी मला तबेल्यापाशी नेलं. शिंगरू होतं, पण ते आडवं झालं होतं. पाय अंगाखाली दुमडून ते गाढ झोपलं होतं. लांब पाय आहेत की आखूड, काही कळायला मार्ग नव्हता.

"लांब आहेत हो," कॅप्टन म्हणाल्या. "मी सांगते ना. द्या कागद."

"सांगून चालत नाही. पाहावं लागतं."

मग आम्ही वाट पाहिली. दीड तास. मी हलकेच टाळ्या वाजवल्या. जिभेनं चक्-चक् केलं. शेवटी, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, मी स्वतः खाली बसून उठून दाखवलं, की बाळा, असं. कुणी नाही असं मला वाटलं होतं. कुंपणापलीकडे घोडेस्वारी शिकणाऱ्या सात जणांची एक तुकडी उभी होती, ती मी नंतर पाहिली.

आणि मग ते उठलं. काय सांगू! आधी मागचे दोन पाय उघडले, मग पुढचे, आणि चारही पायांना चार दिशांना जायचं होतं. इवलंसं अंग वर कुठेतरी हेलकावत होतं. मला क्षणभर सगळं विसरायला झालं. शब्दाचा अर्थ असा डोळ्यांसमोर उभा राहिलेला मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. कॅप्टनबाईंनी सही केली, मी कागद पुढे धरून शाई वाळवत होतो, आणि शिंगराच्या आईनं मान लांब करून कागदाचा वरचा अर्धा भाग खाल्ला. सही खालच्या अर्ध्यात होती म्हणून वाचली. शाई जरा फिसकटली, पण नाव वाचता येत होतं.

दोन झाली. राहिलं माणूस.

इमारतीत आता माझ्या संशोधनाचा बोभाटा झाला होता आणि जो तो सल्ला द्यायला मोकळा होता. सेक्रेटरी म्हणाले, फोटोवर भागवा. काकू म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टर उंच आहे, तिला विचारा. काका माझ्याशी बोलत नव्हते, पण काकूंकरवी त्यांनी कळवलं, की असली कामं करणारा माणूस आमच्या वेळी इमारतीत ठेवला नसता.

"विचारा की," आमची ही म्हणाली. "पण शब्द नीट वापरा. नाहीतर वीस वर्षांत कमावलेलं घालवून बसाल."

गुरुवारी संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं: "नमस्कार, भाषेच्या कामासाठी एक विनंती आहे." दार उघडलं. डॉक्टरीणबाई खरोखरच उंच होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "दाढ दुखतेय का काका?"

आता मला सांगा, सभ्य माणसानं यावर काय म्हणावं? मी हो म्हणालो. त्यांनी मला दारातच उभं करून आ करायला लावला, मोबाईलचा उजेड टाकला आणि म्हणाल्या, "बापरे! कशी सहन करताय तुम्ही?" खालची उजवीकडची तिसरी किडलेली निघाली. शनिवारी सकाळी दहाची वेळ घेऊन मी खाली आलो.

"विचारलंत?" हिनं दार उघडत विचारलं.

"शनिवारी दाढ भरायचीय."

ही हसायला लागली. गॅसवरची भाजी करपेपर्यंत हसली. मी चिडून आत निघालो आणि बोळात परत अडखळलो. या वेळी जोरात. चष्मा उडाला.

"रोज त्याच दोन पायांना अडखळता," सासूबाई वर्तमानपत्र खाली घेत म्हणाल्या, "आणि गावभर पाय शोधत फिरता. तुम्हाला म्हणायचं तरी काय, जावईबापू?"

मी खाली बसून चष्मा शोधत होतो, त्यामुळे ते मला जमिनीच्या पातळीवरून दिसले. खुर्चीतून निघालेले पाय समोरच्या भिंतीला जाऊन टेकले होते. नऊ वर्षं मी त्यांना बोळाची अडचण समजत आलो होतो. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मला माझीच लाज वाटली.

"आई, तुमची हरकत नसेल तर..."

"हरकत कसली? शाळेत मला उंट म्हणायचे. लग्नाचा फोटो पाहिलायत ना? मी खुर्चीत आणि हे उभे. मी उभी राहिले तर ह्यांची टोपीसुद्धा माझ्या कानाला लागायची. पुढेही जिथे तिथे मलाच बसवलं. साठ वर्षांत माझा उभा फोटो नाही." त्यांनी पाय हळूच जवळ घेतले. "या शब्दात कौतुक असतं म्हणालात ना परवा फोनवर? म्हणजे लांब पायांना चांगलं म्हणतात, असं?"

"हो. बायकांना लावला की कौतुकच असतं."

"मग मला येऊ दे त्या पुस्तकात," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी त्या माझ्याबरोबर कार्यालयात आल्या. संपादकबाईंना कागदावर नाही, प्रत्यक्षच दाखवते म्हणाल्या. आमची लिफ्ट बंद असते. मी पहिल्या मजल्यावर धापा टाकत कठडा धरून उभा राहिलो आणि सासूबाई दोन-दोन पायऱ्या गाळत तिसऱ्या मजल्यावर पोचल्यासुद्धा. खालून पहारेकरी ओरडला, "आजी, सावकाश!" वरून उत्तर आलं, "आजी कुणाला म्हणतोस?" त्याचीच मी साक्षपत्रावर सही घेतली. घराबाहेरचा माणूस, डोळ्यांनी पाहिलेलं, नियमाला धरून.

पावणेपाचला मी तिन्ही साक्षपत्रं संपादकबाईंसमोर ठेवली. पहिलं पाहिलं. दुसरं, अर्धं खाल्लेलं, त्यांनी उजेडात धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. तिसऱ्यावर थांबल्या. मग चष्म्यावरून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई कपाटाला टेकून ताठ उभ्या होत्या आणि त्यांचं डोकं सर्वांत वरच्या कप्प्याला लागत होतं.

"उदाहरण उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "पण ह्या तुमच्या कोण?"

"सासूबाई."

"मग नाही चालणार. घरातलं माणूस कर्त्याच्या स्वतःच्या चिठ्ठीत उदाहरण म्हणून घेता येत नाही. पक्षपात होतो."

सासूबाईंच्या बाबतीत जावयाचा पक्षपात! मी पुढे बायकोला हे सांगितलं तेव्हा तिला ठसका लागला. पण त्या क्षणी हसू येत नव्हतं. घड्याळात पाचला दहा मिनिटं होती.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. पहिली अशी, की माणसाचा अर्थ खोडायचा, "मुख्यतः पिल्ले व रोपे यांबाबत" असं लिहायचं. चिठ्ठी मंजूर, माझं नाव पानावर. दुसरी अशी, की चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या नावावर वर्ग करायची. मग उदाहरण राहील, पण ती चिठ्ठी माझी अपूर्ण धरली जाईल आणि माझं नाव जाईल.

"खोडून टाका," सासूबाई पटकन म्हणाल्या. "तुमचं नाव येऊ दे. इतकी वर्षं घासलीत." आणि मग, मी काही बोलायच्या आत, त्या बाजूच्या खुर्चीत बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं बसल्या.

मला भयंकर राग आला. कुणाचा ते आजही सांगता यायचं नाही. संपादकबाईंचा, नियमाचा, घोडीचा, त्या अठरा टोमॅटोंचा, आणि हा शब्द मुख्यतः माणसाला लावतात हे माहीत असून तसं नाही असं लिहायला निघालेल्या माझ्या हाताचा. मी चिठ्ठी उचलली आणि शेजारच्या टेबलावर आपटली. तिथे आमचे एक सहकारी बसतात. ते कुठलंच वाक्य पुरं करत नाहीत म्हणून त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणतात.

"सही करा."

"अहो पण, म्हणजे, तुमचं नाव, मी तर म्हणतो..."

"सही करा!"

त्यांनी केली. पाचच्या ठोक्याला चिठ्ठी मंजूर झाली. बायको माझ्याशी त्यानंतर चार दिवस बोलली नाही, कारण नातेवाइकांना परत फोन तिलाच करावे लागले.

अकरा महिन्यांनी खंड छापून आला. कार्यालयाची ग्रंथालयाची प्रत मी एका रात्रीपुरती घरी नेली. आधी मी ते नावांचं पान पाहिलं. नाही म्हणजे नव्हतंच. स्वल्पविरामांचं होतं. मग सासूबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं: "ती लांब पायांची बाई दोन-दोन पायऱ्या गाळत तीन जिने चढून गेली."

"बाई लिहिलंय? म्हातारी नाही ना?"

"बाई."

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. मग पुस्तक मांडीवर ओढून घेतलं. "आणि लिहिणाऱ्याचं नाव?"

"नाव नसतं आई, अशा ठिकाणी."

मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा त्यांनी समासात, त्या वाक्याच्या अगदी शेजारी, माझं नाव लिहिलं होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठळक, गिरवून, दोन रेघा मारून. कार्यालयाच्या प्रतीवर! शिक्का मारलेल्या प्रतीवर! मी ओरडलो, त्या शांतपणे पेनचं टोपण लावत राहिल्या.

ग्रंथालयानं प्रत विद्रूप केल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. कुणी लिहिलं, का लिहिलं, आणि मजकूर तातडीनं पुसून द्यावा. मी सविस्तर खुलासा दिला. शेवटी लिहिलं, की शाई बॉलपेनची आहे, पुसली जात नाही.

पुसून मात्र पाहिलेलं नाही.